होकनचा वीस वर्षांचा घोटा

नाही नाही, मी होकन नाही — पण दहा चाळीसची वेळ होकनचीच आहे, हे बघा पत्र, हा त्याचा जन्मदिनांक, हे ओळख क्रमांकाचे पुढचे चार आकडे, सगळं जुळतंय — मी लीनुस, त्याचा धाकटा भाऊ — आणि कॉम्प्युटर तुम्हाला तो 'मृत' असं दाखवतोय, तेही बरोबर आहे, सिस्टर, त्यात कॉम्प्युटरची काही चूक नाही. पाच आठवडे झाले. मग आलो कशाला? तेच तर सांगतोय — माणूस गेला, घोटा कुठे गेला? म्हणजे तोही गेलाच, गेल्या शुक्रवारी, दहनाचा नंबर लागला तेव्हा, भट्टीत — पण बंद पडून नाही गेला, चालू असताना गेला, हे महत्त्वाचं. बसू का? बसतो. ह्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या मी बुटांवर चढवल्यात हो, उजव्यावर चुकून दोन चढल्या, डावा उघडाच आहे, असू द्या. फॉर्म भरून आणलाय. सगळा. त्याच्या वतीनं. फक्त सही माझी आहे, ती जरा त्याच्यासारखी आली असेल.

घोटा बसवून आज बरोब्बर वीस वर्षं झाली. तुमच्या डॉक्टरांनी — आत्ताच्या नाही, ते जुने, उंच, सतत नाक पुसायचे ते — त्यांनी दादाला तेव्हा काय सांगितलं होतं ठाऊक आहे? मी होतो ना सोबत, सोळा वर्षांचा होतो, शाळा बुडवून आलो होतो — तशी ती मी बुडवायचोच, पण त्या दिवशी कारण होतं. दादा अडतीसचा. एकोणिसाव्या वर्षी मोपेडवरून पडून घोटा मोडलेला, तो वाकडा जुळला, मग हाडावर हाड घासत राहिलं, शेवटी पायरी उतरताना असा आवाज यायचा, जसं कुणी कडक पाव मोडतंय. डॉक्टर म्हणाले, सांधा कायमचा जोडून टाकू, हलणार नाही पण दुखणार नाही. दादा म्हणाला, माझा पाय आहे, कुंपणाचा खांब नाही. मग म्हणाले, बरं, कृत्रिम सांधा बसवू, वर धातू, खाली धातू, मधे प्लास्टिकची चकती — पण एवढ्या तरुण आणि एवढ्या जाड माणसात — हो, तोंडावर म्हणाले, जाड — दहा वर्षं टिकला तर खूप. शंभरातले वीस-पंचवीस तर दहाच्या आतच काढावे लागतात म्हणे. दादानं विचारलं, वीस वर्षं टिकलेला कुणी आहे? डॉक्टरांनी नाक पुसलं. बस्स, तिथेच ठरलं आमचं. त्या दिवसापासून तो घोटा आमच्या घरचा खेळाडू होता, सिस्टर. पाच वर्षं झाली — केक. दहा झाली — केक, आणि डॉक्टरांना पोस्टकार्ड. पंधरा झाली तेव्हा डॉक्टर निवृत्त झालेले, तरी पोस्टकार्ड.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या त्या सांध्यांच्या नोंदीच्या यादीत रकाने असतात, मला माहीत आहे, दादानं सांगितलंय — 'सांधा काढला', 'सांधा चालू', आणि तिसरा 'रुग्ण मरण पावला'. त्याला त्या तिसऱ्यात टाकू नका. वीस वर्षांत पाच आठवडे कमी, म्हणजे काय कमी? दुधाच्या पाकिटावर तारीख असते, त्यापुढे आठवडाभर दूध चालतंच की. चालतं की नाही? तुम्ही पिता की नाही? — मान हलवू नका नुसती, लिहा. वीस वर्षं, चालू.

फॉर्म वाचा, वाचा ना. 'किती अंतर चालू शकता' — कितीही. 'खडबडीत जमिनीवर' — हो. 'जिना' — हो, कठडा न धरता. 'कोणते व्यायाम करता' — तिथे मी लिहिलंय 'बागकाम', कारण तोही दर वेळी तेच लिहायचा. बागकाम. आमच्याकडे बाग नाही. एक कुंडी आहे, त्यात सिगारेटची थोटकं आहेत. तो शनिवारी नाचायचा हो — गुरुवारीही — गावाबाहेरच्या हॉलमध्ये, बँड असतो, जोडीनं तो बुग नावाचा नाच नाचतात ना, एका पायावर गरकन फिरायचं, मग दुसऱ्या, एकशे दहा किलोचा भोवरा — त्याची नाचातली जोडीदार अनेली म्हणते, होकनसोबत नाचताना वाऱ्याची झुळूक यायची, पंखा लागायचा नाही — आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की पोहा, सायकल चालवा, उड्या आणि गिरक्या घेऊ नका —

हे लिहू नका.

तुम्ही लिहिलंत. खोडा ते. नाही, म्हणजे — वीस वर्षं नाचलेला घोटा टिकतो हे तुम्हाला कळलेलं बरंच की, एका अर्थी. पण 'बागकाम' तसंच ठेवा, नाहीतर तो मला — असो.

पुरावा आणणार होतो मी. खरा घोटाच. स्मशानातल्या माणसाला फोन केला, आधी, वेळेत — म्हटलं, माझ्या भावाच्या उजव्या पायात एक वस्तू आहे, ती मला बाजूला काढून द्या. तो म्हणाला, सगळ्यांचे गुडघे, खुबे, खिळे एकाच पेटीत जातात, ती पेटी मग वितळवायला. मी म्हटलं, अहो, तो साधा गुडघा नाही, तो एकोणीस वर्षं अकरा महिने चाललेला घोटा आहे. तो म्हणाला, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे. किती थंडपणे म्हणावं माणसानं. आता त्याचं काय होणार, विमानाचा भाग, रस्त्यावरची पाटी — म्हणजे आमचा दादा आता कुठल्यातरी वळणावर 'हळू चालवा' म्हणत उभा राहणार. तो. जो गाडीत कधी तिसऱ्या गिअरमध्ये थांबला नाही.

हसा, हसा. मीही हसतो. पाच आठवडे झाले, लोक हसतच नाहीत माझ्यासमोर, कॉफी ओततात आणि कपाकडे बघतात.

काय विचारलंत? चौदावा प्रश्न? भरलाय की. 'गेल्या चार आठवड्यांत वेदना' — अजिबात नाही, खूण केलीय. — म्हणजे त्याचे शेवटचे चार आठवडे धरायचे ना. तेच धरलेत. — मला कसं माहीत? भाऊ आहे मी त्याचा. वरच्याच मजल्यावर राहतो. रोज — रोज म्हणजे — तसं त्या चार आठवड्यांत आमचं बोलणं नव्हतं. छोटीशी गोष्ट होती. मीच म्हटलं त्याला, की दादा, एवढे दोन-तीन महिने नाच थांबव, वीस पूर्ण होऊ देत, मग हवं तर घोटा मोड. तो म्हणाला, घोटा नाचायला बसवलाय, केक खायला नाही. मग मी — आता हे यादीत लागत नाही ना? — मी त्याचे नाचायचे बूट घेतले आणि माझ्या गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. गंमत म्हणून. अर्धी गंमत. शेहेचाळीस नंबरचे, कातडी तळाचे, तसे दुसरे मिळत नाहीत, म्हणजे तो जाणार कसा? नाहीच गेला. चार शनिवार. खुर्चीत बसून राहिला, टीव्ही बंद. मी जाता-येता बाहेरून त्याच्या खिडकीतून हात केला की तो पेपर वर धरायचा. मला वाटलं, बसू दे रुसून, वीस वर्षं झाली की मीच केक घेऊन जाईन, बूट केकच्या पेटीत घालून देईन, तो शिव्या घालेल, झालं. हृदय बंद पडलं त्याचं, खुर्चीतच. डॉक्टर म्हणाले, नाचत असता तरी पडलं असतं. पण नाचत असता, सिस्टर. नाचता नाचता तरी गेला असता.

म्हणजे मला माहीत नाही. लिहा, माहीत नाही. रागानं गप्प होता, की दुखत होतं म्हणून गप्प होता — दुखत असेल, तर मी बूट काढून घेतले ते बरंच केलं म्हणायचं. नाही का? दुखत असेल असंच लिहा. थोडं. सहन होईल इतपत.

काय? एक्स-रेचा फोटो? कुठला फोटो — आज तो येणार कसा फोटो काढायला? आधीच काढून गेला? कधी? — तेव्हा तर आमचं — एकटाच आला होता? बसनं? चालला कसा, लंगडत? नाही? स्क्रीन इकडे वळवू नका. थांबा. नाही, वळवा.

हा त्याचा. हा वरचा, हा खालचा. आणि ही मधली काळी फट म्हणजे चकती. तशीच आहे म्हणता? कुठे सैल नाही, हाड खाल्लेलं नाही, काहीच नाही. म्हणजे नवा असल्यासारखा. म्हणजे दुखत नव्हतं.

बरं.

आणि हे पाकीट काय? यातही हाच फोटो? कागदावर कशाला छापला, तुमचं तर सगळं कॉम्प्युटरवर — त्यानं मागितला? आज न्यायला येणार होता? कुणाला दाखवायला?

काय म्हणाला नक्की? त्याच्याच शब्दांत सांगा. 'घरी एक धाकटा आहे, त्याला काळजी लागलीय, त्याला दाखवला की तो नाचू देईल.'

नाही, पाणी नको. ठीक आहे मी. तिसऱ्या रकान्यात टाका, कुठेही टाका. बाहेर त्या काठीवाल्या आजी केव्हाच्या नंबर हातात धरून बसल्यात, त्यांना बोलवा, सिस्टर. बोलवा ना.