वेशीपुढचा चौक

भोकरदनच्या स्टँडवर प्रिया केदारखेड्याच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारी बसलेल्या नंदाबाईला तिची माहेरची मैत्रीण बेबीनंदा खूप दिवसांनी भेटली होती.

"नंदे, तुमच्या वेशीपुढचा चौक नवा केला म्हणं?" बेबीनंदाने विचारलं.

"नवा कशाचा, दगडं तीच हायेत. धुऊन बराबर बसवली, वर लाइट लावले. आता समद्या गावानं बसायचं म्हणं."

"मंग बसती का तू?"

"तिथं गडीमाणसं बसलेली, लग्न होऊन आले तवापासून तिथून चप्पल हातात घेऊन गेले, बाई. बसायचं कुठं सुचतंय?"

प्रियाने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"परवा सांजच्याला सून म्हणली, चला आत्याबाई. हात धरून बसवलंच मला, मधल्या ओट्यावर. तेवढ्यात हे आले, संगं चार माणसं."

"दाजी रागावले?"

"उभे राह्यले, पाह्यलं माझ्याकडं. मंग म्हणले, सरक जरा, मला बसू दे."

"सरकली?"

"न्हाई. म्हणलं, पलीकडं मोकळं हाय, तिथं बसा."

"मंग?"

"बसले की. जेवणं थंडी झाली, तरी कुणी उठंना."