प्रभूला साखर चालेल का?

नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला चालतं हो, तुम्हाला सांगतो, नाही म्हणणाऱ्यांवरच तर माझं घर उभं आहे... एकतीस वर्षं कॅन्ससमधल्या सलायना गावात गाद्या विकतोय, माणूस दारातून शिरतानाच म्हणतो ‘नुसतं बघतोय’, मी म्हणतो बघा की, जरा आडवे होऊन बघा, आणि आडवा झाला की हळूच विचारायचं, ‘सकाळी उठताना कंबर धरते का?’ आता कंबर कोणाची धरत नाही? आधी दुखणं काढायचं, मग गादी काढायची. येशूची सुवार्ता सांगायचंही तेच, आधी पाप काढायचं, मग प्रभू. हे मी आमच्या पास्टरांना बोललो तर त्यांचं तोंड कडू झालं, पण खोटं आहे का सांगा.

तर आमच्या चर्चमध्ये बुधवारी जेवण असतं, आणि जेवणावर साक्ष. म्हणजे उभं राहून सांगायचं, मी अमुक एका परक्या माणसाला गाठलं आणि येशूबद्दल सांगितलं. माझ्याकडे साक्ष एकच, गुरांच्या ट्रकवाल्याची, मी नुसतं ‘एकदा पेट्रोल पंपावर’ म्हटलं की बायका ताटं उचलायला उठतात. आणि यंदा डीकनची, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याची, एक जागा रिकामी. नावं दोन, मी आणि माझा मेव्हणा वर्लिन. हा मुंग्या-झुरळांचं औषध मारतो, लोकांच्या घरात शिरायला त्याला कारण लागत नाही, त्याच्या साक्षी सतरा! पास्टर म्हणाले, ‘हार्लन, बुधवारपर्यंत एक ताजी आण बाबा. एकच. पुढचं मी बघतो.’

सोमवारी डेन्व्हरला गाद्यांच्या प्रदर्शनाला निघालो तो मुद्दाम बसने, कारण माझ्या गाडीत मी एकटाच, आणि माझा उद्धार आधीच होऊन गेलाय.

शेजारी येऊन बसल्या अलमेलू अम्मा. वय शहात्तर, साडीवर मुलाचं जाडजूड जाकीट, पायात पांढरे बूट, कपाळावर कुंकू, तमिळनाडूत पोस्टमास्तर होत्या, आता मुलीकडून मुलाकडे चाललेल्या. मी मनात म्हटलं, मागणीप्रमाणे माल आला.

चर्चने आमच्याकडून शिकवणीत पाच कार्डं पाठ करून घेतलीत. पहिलं कार्ड काढलं, ‘बाई, आज रात्री तुम्ही मेलात, तर कुठे जाल?’

बाहेर बर्फ, बस सुसाट. त्यांनी पुढे वाकून बघितलं. ‘ड्रायव्हर पितो का?’

‘नाही हो, आपलं समजा.’

‘मग डेन्व्हरलाच पोचवा. मुलाने विद्युतदाहिनीची चौकशी करून ठेवलीय. मधेच कुठे उतरवू नका.’

दुसरं कार्ड. ‘आपण सगळे पापी आहोत.’ इथे गिऱ्हाईक म्हणतं, छे, मी कोणाचं काय वाईट केलंय? आणि नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला चालतं. पण ह्या बाई म्हणतात, ‘हो तर. एकाहत्तर साली एका मुलीचं पत्र वाफेवर उघडून वाचलं मी. कोणाला बोलले नाही, पण वाचलं.’ आणि माझ्याकडे बघत राहिल्या... बघतच राहिल्या. ‘तुझं काय?’

अहो काय सांगणार, शोरूममधली लोळून लोळून मऊ झालेली गादी मी एका नव्या जोडप्याला कोरी म्हणून दिली होती, हे मी लोरीनला, माझ्या बायकोलासुद्धा बोललेलो नाही, ते ह्या बाईंना सांगून बसलो. ‘च्च,’ म्हणाल्या, ‘झोप लागते ना त्यांना?’

तिसरं ह्या गादीच्या नादात राहूनच गेलं, पण चौथं कार्ड म्हणजे माझं हुकमी. हिंदू माणूस म्हणणारच, सगळे रस्ते एकाच देवाकडे जातात, त्यावर उत्तर तोंडपाठ. पण बाई म्हणेचनात. शंभर मैल वाट बघितली. शेवटी मीच सुचवलं, ‘तुम्हाला वाटत असेल, सगळे रस्ते पोचतात...’

‘कुठले पोचतात रे? हाच बघ ना.’

बघतो तर काय, हायवेचं फाटक आडवं. बर्फामुळे रस्ता बंद. गुडलंडच्या ट्रक थांब्यावर पाच तास बसलो मंडळी, आणि तिथलं सगळं खाणं आधीच्या दोन बसवाल्यांनी फस्त केलेलं. अम्मांनी डबा उघडला, लिंबाचा भात. मी प्रार्थनेला डोळे मिटले तर म्हणतात, ‘मी सकाळीच देवाला दाखवलाय, तू खा.’ चमचा हवेत राहिला. मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही यावर संत पौलाने अख्खा अध्याय लिहिलाय, तो मी रविवारच्या शाळेत पोरांना शिकवतो... दोनदा वाढून घेतला.

मग धीर करून पत्रक काढलं, वर येशूचं चित्र, खाली मजकूर. ‘बाई, ह्याला आयुष्यात जागा द्याल?’

‘देते की.’

अहो, असं? घासाघीस नाही, ‘विचार करून सांगते’ नाही, ‘घरी विचारते’ नाही? नाही म्हणणारं गिऱ्हाईक मला चालतं, हो म्हणणाऱ्याचं काय करायचं हे एकाही कार्डावर नाही! बाईंनी जाकिटाच्या खिशातून छोटी पितळी डबी काढली, आत चार-पाच देव, एक मोरावर बसलेला, एक हत्तीच्या तोंडाचा. छोट्या कात्रीने पत्रकाचा मजकूर छाटला, त्यात बाकीचे देव खोटे असल्याचं होतं, चित्र तेवढं ठेवलं. ‘सरका रे जरा,’ म्हणाल्या, मला नाही, डबीला. आणि मग मान वर करून,

‘हा काय खातो?’

मी पन्नास वर्षं चर्चला जातोय. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ‘मासे,’ म्हटलं, ‘भाकर...’

‘मासे माझ्याकडे नाही मिळायचे. साखर चालेल का?’

आणि मी, प्रभूच्या वतीने, म्हणालो, ‘चालेल.’

बुधवारी उभा राहिलो, सगळं सांगितलं, गादीचं सोडून. पास्टर पुढे सरकले. ‘मग? स्वीकारलं त्यांनी?’ म्हटलं, अर्ध्या मिनिटात. टाळ्या पडल्या. तेवढ्यात वर्लिन, ‘आणि आधीचे सोडले का, भावजी?’

म्हटलं, ‘नाही. सरकून बसले.’

वर्लिन डीकन झाला. होऊ दे. पण तेव्हापासून सकाळी कॉफीत साखर घालताना माझा हात अडतो. तिकडे डेन्व्हरला प्रभूला रोज चिमूटभर मिळत असणार, आणि माझ्या घरी पन्नास वर्षं राहतोय, मी एकदा विचारलं नाही, काही घेणार का म्हणून. शेवटी लोरीनची पाठ वळली की रोज चमचाभर खिडकीत ठेवायला लागलो... मुंग्या झाल्या. ढीगभर. उद्या डीकनसाहेब औषधाचा पंप घेऊन येताहेत, आल्या आल्या विचारणार, ‘भावजी, इथे साखर तुम्ही ठेवता?’

आणि मंडळी, नाही म्हणणारं गिऱ्हाईक कितीही चाललं, तरी प्रभूच्याच नावाने ठेवलेल्या साखरेला नाही कसं म्हणू?