गोडं पाणी

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत भावना उभी होती. बाजूलाच गोदूबाई मुलाची वाट बघत होत्या, आणि सोबतीला आलेली शेजारीण नीराबाई त्यांना गप्प बसू देत नव्हती.

"विनेश याच बोटीनं येतोय ना?"

"व्हय. सहा महिन्यांनी जहाजावरनं सुटला. घरी त्या काचेच्या टाकीकडं धावायच्या आधी इथंच सांगते. फोनवर तोंड उघडलं न्हाय."

"काय सांगतेस?"

"त्याचे शंखातले खेकडे मेले म्हणून. अकरातला एक उरलाय."

"अगं, खायला घातलं न्हाईस?"

"घातलं की, पोटच्या पोरासारखं! टाकीतलं पाणी कमी झालं की फिल्टरचं गोडं घाल, सांगून गेला होता. मला वाटलं, समुद्राचा जीव, त्याला गोडं कसं पाजू? रोज खाडीवरनं कळशी आणून ओतली."

"मग चांगलंच केलंस."

"कसलं चांगलं? पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. त्यात मी आणखी खारं ओतलं. आणि माझा जन्म मिठागरावरचा, नीरा! बापानं हेच पाणी आटवून आम्हाला जगवलं."

बोट धक्क्याला लागली. रांग पुढे सरकली. भावना त्या दोघींचं बोलणं ऐकत तिथंच राहिली.

"उरलेल्याला आता काय घालतेस?"

"गोडं. वाटीवाटीनं. ओतलं की तो शंखातनं बाहेर येईपर्यंत टाकीपाशीच बसते गं."

"आई! तू कशाला आलीस धक्क्यावर? माझे खेकडे बरे हायत ना?"

"विनेश, तू सांगितलेलं मी ऐकलं न्हाय रे."