मिलिंदच्या मागचा नंबर

बाबा, आई, सुजाता वहिनी, आणि मिलिंदच्या शोकसभेला वर्तकनगरच्या या हॉलमध्ये जमलेले तुम्ही सगळे. विमानात घोषणा करताना मला कधी कागद लागला नाही. आज लिहून आणलंय. सांभाळून घ्या.

मी अभय, डोंबिवलीचा. मिलिंद आणि मी एकाच दिवशी कंपनीत लागलेलो, दोघंही जेटवर को-पायलट. तो वयानं मोठा, म्हणून सीनियॉरिटीत माझ्या लगेच वर. "अभ्या, तू जन्मभर माझ्या मागेच रे," असं चिडवायचा.

आमच्याकडे पायलटचे गट असतात. पंखेवाल्या छोट्या विमानाचे वेगळे, जेटचे वेगळे. पगारही वेगळे. आणि कॅप्टन व्हायचं तर वरची जागा रिकामी व्हायला लागते. आई म्हणालेल्या, मग छोट्या विमानावर जा की, लवकर कॅप्टन होशील. तो म्हणाला, अगं, पगार कमी होईल, आणि जेटवर परत यायला पुन्हा रांग. थांबतो मी. थांबला. किती थांबला! आत्ता कुठे कॅप्टनसाठी त्याचा नंबर लागलेला. आणि मागच्या आठवड्यात, घरात, जेवता जेवता त्याचं हृदय बंद पडलं. हा कुठला न्याय?

मिलिंदचे बाबा खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांना आमची सीनियॉरिटी लगेच कळली. त्यांनी आम्हा दोघांना डेपोची रीत सांगितलेली. ज्याची गाडी आपल्याला मिळाली, त्याच्या घरी आपण स्वतः जाऊन सांगायचं. दुसऱ्याच्या तोंडून कळू द्यायचं नाही. मिलिंद हसला. म्हणाला, बाबा, आमच्याकडे मेसेज येतो.

मेसेज आला, मिलिंद. काल आला. एक जागा रिकामी, खालचे सगळे एकेक नंबर वर. बस, एवढंच. त्यात तुझं नावही नाही रे.

बाबा, काल संध्याकाळी मी घरी आलेलो. आई ये म्हणाल्या, चहा टाकला. मी चहा प्यायलो आणि न सांगताच निघालो. पण उद्या कुणीतरी तुम्हाला सांगेलच. म्हणून आज स्वतः सांगतो. मिलिंदची कॅप्टनची जागा मला मिळाली आहे. मला ती अशी नको होती. घेऊ की नको, ते तुम्ही सांगा. आज नको. सावकाश सांगा.

आता आपण उभे राहू या, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलायला नको. बाबा, तुम्ही बसूनच राहा.

मिलिंद, मी अजून तुझ्या मागेच आहे रे. जय भीम.