हवाबंद डबा

रिपोर्टच्या खिडकीपुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. गणवेशातल्या मुलीच्या पुढे एक बाई होती आणि शेजारी इथल्याच प्रयोगशाळेत काम करणारा तिचा दीर. मुलीनं मान पुस्तकात घातली, कान मात्र तिकडेच लावले.

“वहिनी, दादाच्या जखमेतले जंतू मेले.”

“म्हणजे नवं औषध लागू पडलं. पाय वाचला. मग तोंड का पाडलंय, भाऊजी?”

“औषध न घातलेल्या बशीतलेही मेले.”

“मग मारलं कशानं?”

“हवेनं. हवा लागली की ते मरतात, म्हणून बश्या ठेवलेला हवाबंद डबा दोन दिवस उघडायचा नसतो.”

“आणि उघडला कोणी?”

“मीच, काल. राहवलं नाही, वहिनी.”

“हे म्हणतातच, ह्याचं बाशिंग कायम गुडघ्याला.”

“चुकलं माझं.”

“पुन्हा लावा की चाचणी.”

“अजून दोन दिवस लागतील.”

“रिपोर्ट नसेल तर डॉक्टर उद्या सकाळीच पाय कापणार आहेत.”

“माहीत आहे. दादाला मी सांगतो.”

“नको. आज त्यांच्यासमोर जाऊ नका, तुमच्या तोंडावर सगळं दिसतं. विचारलं तर मी सांगेन, डबा अजून बंद आहे.”