पोकळ आवाज

नणंद : हातोडी राहू दे तुझ्याकडेच. बाबांनी तुझ्या हातात दिलीय.

भावजय : त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून दिली ताई. या सोसायटीच्या पार्किंगचं छत दोघींनी मिळून तपासा, म्हणाले.

नणंद : मी इंजिनिअर झाले तेव्हा म्हणाले होते, साइटवर मुलींचं काय काम. म्हणून दुसरीकडे नोकरी धरली. तू सून होऊन आलीस आणि बघता बघता इमारती तपासायच्या कामात त्यांचा उजवा हात झालीस.

भावजय : मी मागितलं नव्हतं.

नणंद : तेच डोक्यात जातं माझ्या. बरं, काय दिसतंय तुला?

भावजय : दाराकडे जाळीसारख्या बारीक भेगा आहेत. त्या वरवरच्या, काँक्रीट घाईत सुकल्याच्या. तो पांढरा थर पाणी झिरपल्याचा.

नणंद : एवढं कॉलेजातली पोरंही सांगतात.

भावजय : पण या खांबाजवळ भेग सरळ रेषेत गेलीय, आतल्या सळईला धरून. कडेला तपकिरी डाग. सळई गंजलीय.

नणंद : शेजारून पाइप गेलाय, त्याचा गंज ओघळलाय. रंग मारला की झालं.

भावजय : पाइप प्लास्टिकचा आहे.

नणंद : बोलतेससुद्धा त्यांच्यासारखी. मोजकं, आणि वर्मावर.

भावजय : ठोकते, ऐका. इथे खणखणीत. आणि इथे बद्द. आतून थर सुटलाय.

नणंद : मला नाही वाटत तसं.

भावजय : ऐकू आलंय तुम्हाला. तुमचा कान कसा आहे ते रोज जेवताना बाबांकडून ऐकते मी. 'माझी लेक डोळे मिटून सांगेल.' मी कितीही बरोबर सांगितलं तरी वर हे आहेच.

नणंद : असं म्हणतात ते? माझ्या तोंडावर कधी एक शब्द नाही.

भावजय : खरं सांगू? जळफळाट होतो माझा. तुमचं नाव निघालं की घास... ताई, मागे या!

(छताचा ताटाएवढा तुकडा खाली आदळतो.)

नणंद : दंड सोड आता. लागलं नाही मला.

भावजय : इथे मुलं सायकली लावतात.

नणंद : ती सळई बघ, गंजानं निम्मी खाल्लीय. तू दोरी बांध, कुणाला आत सोडू नकोस. मी वर जाऊन गाड्या काढायला सांगते.

भावजय : बाबांना फोन करू?

नणंद : मी करते. तुझं बरोबर होतं, हे सांगायला हवं.

भावजय : नाही सांगितलंत तरी चालेल.

नणंद : सांगते. फक्त तेव्हा तू समोर उभी राहू नकोस.