आजचे नवे शब्द

चिंचवडच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या सयाजीरावांच्या हातातलं पुस्तक मघापासून एकाच पानावर उघडं होतं. मागच्या बाकावर एक नवरा-बायको बोलत होते. केमोनंतर बायकोचं विसरणं वाढलं होतं आणि आज तिची स्मरणशक्तीची चाचणी होती.

"नागसेन, ते पाच शब्द विचार ना परत."

"सकाळी विचारले की, आम्रपाली."

"तरी विचार. आज डॉक्टर मॅडमनी कामावर जायचा कागद दिला तर सोमवारी चाकणची बस धरते. कुलूप, पेरू, छत्री, सुई, बैल. बरोबर?"

"बरोबर."

"आठवडाभर पाचपैकी पाच. कंपनीत लाइनवर पोरी हसायच्या, ताई कुठली वायर कुठं लावायची तेच विसरली म्हणून. आता हसा म्हणावं. तू का तोंड पाडलंस?"

"आत नवे शब्द देतील."

"मग? तू पण रोज नवेच देतोस की."

मागे फाइलची पानं चाळल्याचा आवाज आला.

"नागसेन?"

"आठवड्यापूर्वी, पहिले दोन दिवस नवे दिले. तू रडायचीस. मग आदल्या दिवशीचेच परत दिले. सगळे आले, तू पोटभर जेवलीस."

"म्हणजे आठवडाभर हेच पाच?"

"हेच."

"आणि रोज म्हणायचास, हे आजचे नवे."

"चुकलं माझं."

"तुझं राहू दे. मला कळलं कसं नाही रे?"

आतून आम्रपालीचं नाव पुकारलं गेलं.

"मी येतो बरोबर."

"नको, बस तू. मॅडमना मीच सांगते."

"काय सांगणार?"

"मला ते रोज नवेच वाटले."